स्वहस्ते निगा : शाळेतील संगणक आणि दारातील वाहन

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या परिषदेत मी भाषा किंवा गणित यांतील एखाद्या घटकाविषयी बोलावे, अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असेल. परंतु आज मी जो विषय घेतला आहे तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. शाळाभेटीच्या निमित्ताने मला एक दृश्य वारंवार दिसते. वर्गाच्या कोपऱ्यात मेज असते, मेजावर भरतकाम केलेले आच्छादन असते, आणि त्याखाली संगणक असतो. त्यावर दसऱ्याच्या पूजेची हळदकुंकवाची बोटे उमटलेली असतात. "चालतो का?" असे विचारले की गुरुजी क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "साहेब, बंद आहे. वर कळविले आहे." म्हणजे यंत्राची पूजा यथासांग झाली, निगा मात्र झाली नाही. तीच गोष्ट शाळेच्या दारात उभ्या असलेल्या आपल्या दुचाकींची आणि मोटारींची. त्या निगेविषयी, आणि आपण स्वतः करू शकू अशा लहानसहान दुरुस्तीविषयी, आज चार शब्द सांगावेत असा मानस आहे.

प्रथम माझाच एक अपराध आपणांपुढे कबूल करतो. मी दोनशिक्षकी शाळेवर मुख्याध्यापक असताना गावकऱ्यांनी लोकवर्गणी काढून शाळेस संगणक दिला. काही महिने तो उत्तम चालला. एके दिवशी सकाळी कळ दाबताच त्यातून तीन वेळा शीळ वाजली आणि पडदा काळाच राहिला. मी रीतसर अर्ज लिहिला, जावक क्रमांक घातला, यंत्रावर आच्छादन टाकले आणि माझे कर्तव्य संपले असे मानले. चौथीच्या वर्गातील एक मुलगी दर शनिवारी येऊन विचारीत असे, "गुरुजी, आज सुरू होणार का?" मी म्हणे, "माणूस येईल, मग होईल." माणूस आला नाही. वर्ष संपले, ती मुलगी चौथी उत्तीर्ण होऊन दुसऱ्या गावच्या शाळेत गेली. पुढे दिवाळीच्या सुट्टीत औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकणारा आमचाच एक माजी विद्यार्थी सहज भेटीस आला. त्याने पेटीचे झाकण काढले, आतील स्मृतिपट्टी, जिला आपण रॅम म्हणतो, ती उपसली, तिच्या कडेचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने हलकेच पुसले आणि पट्टी पुन्हा बसविली. संगणक सुरू झाला. पाच मिनिटांचे काम. त्या पाच मिनिटांच्या कामासाठी मुलांचा एक संपूर्ण वर्ग माझ्या हातून वंचित राहिला. त्यातील लाज मला आजही वाटते, आणि त्या लाजेपोटीच मी ही विद्या हळूहळू शिकलो.

मित्रहो, वर्ध्यास १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेपासून हस्तकौशल्याच्या द्वारे शिक्षण हा विचार आपल्या देशापुढे आहे. चरखा, तकली, बागकाम यांतून ज्या पिढ्यांस हाताची शिस्त लागली, त्यांच्या परंपरेतच संगणकाची आणि वाहनाची निगा बसते. साधने बदलली, शिस्त तीच आहे. त्या शिस्तीचे चार नियम मी प्रथम सांगतो.

पहिला नियम, हात लावण्यापूर्वी पाहावे आणि ऐकावे. दुसरा, जो उपाय सर्वांत सौम्य तो सर्वांत आधी करावा. तिसरा, एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम पाहावा. दोन बदल एकदम केले तर कोणत्या उपायाने गुण आला हे कधीच कळत नाही. चौथा, केलेले सर्व लिहून ठेवावे. या चौथ्या नियमास एक इतिहासप्रसिद्ध दाखला आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क दोन या यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी बिघाड झाला. त्या यंत्रावर काम करणाऱ्या मंडळींस एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. त्यांनी तो पतंग कामाच्या नोंदवहीत चिकटवून त्याखाली तशी नोंद केली. ती वही आज तेथील संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. एवढे मोठे शास्त्रज्ञसुद्धा किडा सापडल्याची नोंद करीत, मग आपण का करू नये? प्रत्येक शाळेने संगणकाशेजारी एक चाळीस पानी वही ठेवावी. तारीख, लक्षण, केलेला उपाय, परिणाम, एवढे चार रकाने पुरेत.

आता प्रत्यक्ष संगणकाकडे वळू. यंत्र सुरूच होत नसेल तर आरंभ विजेपासून करावा. ज्या खोबणीत तार घातली आहे तीत मोबाइलचा चार्जर किंवा दिवा लावून वीज येते की नाही हे पाहावे. संगणकाच्या मागील बाजूची तार सैल झालेली असते, पाठीवरचे लहानसे बटण बंद असते, किंवा यूपीएसची बॅटरी संपलेली असते. यूपीएसमधील शिशाच्या बॅटरीचे आयुष्य बहुधा दोन ते चार वर्षांचे असते. वीज जाताच यंत्र तत्क्षणी बंद पडू लागले की बॅटरी बदलावयास झाली असे समजावे.

वीज आहे, पंखा फिरतो, पण पडदा काळा आहे, अशा वेळी पडद्याचा स्वतःचा दिवा पाहावा. पडद्यावर "सिग्नल नाही" असा मजकूर उमटत असेल तर ती शुभवार्ता समजावी, कारण पडदा बहुधा निरोगी आहे. दोष जोडतारेत किंवा पेटीत आहे. मग मुद्रणयंत्र, पेनड्राइव्ह, ध्वनिवर्धक, जे जे बाहेरून जोडले असेल ते सर्व काढून केवळ पडदा व कळफलक ठेवून यंत्र पुन्हा सुरू करावे. कित्येकदा एका बिघडलेल्या पेनड्राइव्हने सारे यंत्र अडून बसते. शिट्या वाजत असतील तर त्या मोजाव्यात आणि वहीत लिहाव्यात. प्रत्येक बनावटीची सांकेतिक भाषा निराळी असते, परंतु शिट्यांची संख्या सांगितली की जाणकारास दूरध्वनीवरूनही निदान करता येते.

पेटी उघडावी लागली तर प्रथम विजेची तार भिंतीतून पूर्णपणे काढावी. त्यानंतर सुरू करण्याची कळ दहा सेकंद दाबून धरावी, म्हणजे आत उरलेला प्रभार निघून जातो. नंतर पेटीच्या उघड्या धातूच्या भागास हात लावावा. आपल्या अंगावर, विशेषतः हिवाळ्यातील कोरड्या हवेत, स्थिर विद्युत् साठलेली असते. आपणांस ती जाणवतही नाही, पण स्मृतिपट्टीचा जीव तेवढ्याने जाऊ शकतो. पट्टीच्या दोन्ही टोकांचे खटके उघडून ती सरळ वर ओढावी, कडेस धरावी, सोनेरी दात मऊ पांढऱ्या खोडरबराने हलके पुसावेत, रबराचा चुरा कोरड्या कुंचल्याने झाडावा, आणि पट्टी खाचेशी खाच जुळवून दोन्ही खटके आपोआप मिटेपर्यंत समान दाबाने बसवावी. जुळत नसेल तर बळ करू नये. याचा अर्थ पट्टी उलटी धरली आहे.

पेटी उघडलीच आहे तर धूळ काढावी. आपल्या शाळा मातीच्या मैदानाकाठी आहेत आणि वर्गात खडूची भुकटी उडते. ही धूळ पंख्याच्या पात्यांवर व उष्णता वाहून नेणाऱ्या पाकळ्यांत बसते, यंत्र तापते, आणि पंधरावीस मिनिटांत आपोआप बंद पडते. तो रोग नव्हे. ताप वाढला म्हणून यंत्राने स्वसंरक्षणार्थ केलेली ती कृती होय. मऊ कुंचला व हवेचा लहान पंप पुरे. हवा मारताना पंखा बोटाने थांबवून धरावा, नाहीतर तो वेडावाकडा फिरून खराब होतो. ओले फडके आत नेऊ नये.

आणखी एक लक्षण पाहा. यंत्र सुरू होते, पण दिनांक दर वेळी मागे जातो. याचे कारण मुख्य फलकावरील नाण्याएवढी बॅटरी. तिजवर बहुधा सीआर २०३२ असे लिहिलेले असते. हा आकडा म्हणजे तिचे माप होय : व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. ती ३ व्होल्टची असते व घड्याळाच्या दुकानात अल्प किमतीत मिळते. अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून ती बसवावी. दिनांक चुकीचा असला की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत संगणक आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. ऑनलाइन माहिती भरण्याच्या अखेरच्या दिवशी "नेट चालत नाही" म्हणून आपण त्रस्त होतो, तेव्हा कित्येकदा दोष नेटचा नसून या लहानशा बॅटरीचा असतो.

यंत्र मंद झाले असेल तर साठा किती भरला आहे ते पाहावे. सुरू होतानाच आपोआप उघडणारे अनावश्यक कार्यक्रम बंद करावेत. जुन्या फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी बसविली तर जुने यंत्रही तरतरीत होते. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आपल्याकडील पुष्कळ जुनी यंत्रे नव्या आवृत्तीस पात्र नाहीत, म्हणून ती भंगारात काढण्याचे कारण नाही. लिनक्सवर आधारलेल्या उबुंटूसारख्या प्रणाली विनामूल्य आहेत. त्या प्रथम पेनड्राइव्हवरून, मूळ साठ्यास हात न लावता, चालवून पाहता येतात. मात्र काहीही बदलण्यापूर्वी शाळेचे दाखले, निकालपत्रके, छायाचित्रे यांची प्रत दोन निराळ्या जागी ठेवावी. यंत्र पुन्हा मिळते, मुलांच्या नोंदी पुन्हा मिळत नाहीत.

आता दारातील वाहनाविषयी. आपणांपैकी बहुतेक जण रोज कच्च्या रस्त्याने येतात, आणि अनेकांची सकाळची एक सवय मी पाहिली आहे. शाळेत पोहोचताच कोरडे फडके घेऊन गाडीवरची धूळ खसाखसा पुसावयाची. बंधूंनो, ही निगा नव्हे, ही झीज होय. रस्त्याच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते रंगाहून कठीण असतात. मोटारीच्या रंगाचे सर्व थर मिळून जाडी सुमारे १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या एकदोन केसांएवढी. त्यांतील सर्वांत वरचा पारदर्शक थर तर त्याहूनही पातळ. कोरड्या फडक्याने आपण त्यावर रोज वाळू घासतो, आणि वर्षभरात उन्हात धरले असता कोळ्याच्या जाळ्यासारखे वर्तुळाकार चरे दिसू लागतात.

यास उपाय दोन बादल्यांचा. गाडी सावलीत उभी करावी, पत्रा गार होऊ द्यावा. प्रथम नुसते पाणी वरून खाली सोडून सैल माती वाहू द्यावी. नंतर एका बादलीत वाहनासाठी केलेला सौम्य साबण आणि दुसरीत केवळ स्वच्छ पाणी घ्यावे. मऊ मायक्रोफायबरचे फडके साबणात बुडवून एक भाग धुवावा, मग ते स्वच्छ पाण्याच्या बादलीत पिळून माती तेथे सोडावी आणि पुन्हा साबणात बुडवावे. छतापासून आरंभ करून खाली यावे. चाकांचे फडके निराळे ठेवावे. जमिनीवर पडलेले फडके त्या दिवशी पुन्हा रंगास लावू नये. कपडे धुण्याच्या भुकटीने मेणाचा थर निघून जातो, म्हणून ती वर्ज्य करावी. पाणी अंगावरच सुकू दिले तर बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग उरतात, म्हणून लगेच टिपून घ्यावे. या रीतीने थोड्या पाण्यात काम होते, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ही गोष्ट लहान नव्हे. ओढ्यात वा नदीपात्रात गाडी उतरवून धुणे तर शिक्षकास शोभत नाही. त्या पाण्यात तेल आणि काजळी मिसळते, आणि तेच पाणी पुढे गुरे पितात.

पक्ष्यांची विष्ठा व झाडाचा चीक दिसताच ओल्या फडक्याने भिजवून काढावा. उन्हात तो रंगात उतरतो. पुष्कळांचा आणखी एक गैरसमज आहे. पॉलिश आणि मेण ही एक वस्तू नव्हे. पॉलिश रंगाचा सूक्ष्म थर खरवडून चरे नाहीसे करते, मेण वरून संरक्षक थर देते. म्हणून पॉलिश क्वचित् करावे, आणि तेही सर्वांत सौम्य प्रतीचे, लहानशा जागी करून पाहून मगच पुढे जावे. मेण वर्षातून दोनतीनदा लावण्यास हरकत नाही. डिझेल किंवा घासलेट पुसून गाडी चमकविण्याची रीत सोडून द्यावी. त्याने धूळ अधिक चिकटते आणि रबर खराब होते. दुचाकीच्या साखळीस सुमारे ५०० किलोमीटरांनी स्वच्छ करून तेल द्यावे, आणि पावसाळ्यात मडगार्डखालील चिखल दर आठवड्यास काढावा, कारण गंज तेथूनच आरंभ करतो.

आता मर्यादांविषयी स्पष्ट बोलतो, कारण उत्साहापेक्षा जीव मोठा आहे. संगणकास वीज पुरविणारी पत्र्याची बंद पेटी, जिला एसएमपीएस म्हणतात, ती कधीही उघडू नये. तीत ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि तार काढल्यावरही काही काळ प्रभार साठलेला राहतो. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्याचीही तीच गोष्ट. टॅबची किंवा लॅपटॉपची फुगलेली बॅटरी भारित करू नये, दाबू नये, टोचू नये. पेटीस हात लावताच झिणझिण्या आल्या तर संगणक बाजूस ठेवावा आणि शाळेचे भूसंपर्कन वायरमनकडून तपासून घ्यावे, कारण तो प्रश्न यंत्राचा नसून मुलांच्या जिवाचा आहे. मृगाच्या तोंडी आकाशात गडगडाट सुरू झाला की विजेची व नेटची तार दोन्ही काढून ठेवाव्यात. यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर उघडू नये. मुदत संपली असेल तर मुख्याध्यापकांची संमती घ्यावी, शाळा व्यवस्थापन समितीस कळवावे, आणि बदललेल्या भागाची नोंद जडसंग्रह नोंदवहीत करावी. नोंदीची भीती वाटून कामच न करणे हा माझा जुना अपराध होता. तो आपण करू नये. अर्ज अवश्य करावा. परंतु अर्ज केल्यानंतर स्वस्थ बसू नये, एवढेच माझे सांगणे आहे.

या कामात वरच्या वर्गातील मुलामुलींस सोबत घ्यावे. तार काढलेली पेटी त्यांना दाखवावी, वहीतील नोंद त्यांच्याकडून लिहून घ्यावी. "काय दिसले? काय केले? काय झाले?" या तीन प्रश्नांत विज्ञानाची सारी पद्धत येते. मुलींस मागे उभे करू नये. माझ्या पाहण्यात एका शाळेतील शिक्षिकाभगिनी आहेत. त्यांनी पेचकस, कुंचला, खोडरबर आणि चाळीस पानी वही एवढ्या सामग्रीवर शेजारच्या चार शाळांचे संगणक चालू ठेवले आहेत, आणि वहीतील अक्षर त्यांच्या सातवीतल्या मुलींचे आहे.

जाता जाता एक विचार मांडतो. आधी पाहावे, सौम्य उपाय प्रथम करावा, एका वेळी एकच बदल करावा, आणि लिहून ठेवावे, हे नियम मी यंत्रांपासून शिकलो, पण त्यांचा उपयोग मला वर्गात अधिक झाला. मूल वाचनात मागे पडले की आपण एकदम शिक्षा, शिकवणी आणि पालकांस बोलावणे असे तिन्ही उपाय करतो, आणि कित्येकदा त्यास पाटीवरचे अक्षर दिसत नसते एवढेच असते. प्रथम त्याला पुढच्या रांगेत बसवून पाहावे. मुलाच्या मनावरचा थरही फार पातळ असतो, तो खरवडण्यापूर्वी पाण्याने धुऊन पाहावे.

पुढील महिन्याच्या शाळाभेटीत मी आपणांकडे अहवाल मागणार नाही. मी त्या कोपऱ्यातील आच्छादन उचलीन आणि शेजारची वही पाहीन. यंत्र चालू नसले तरी चालेल, परंतु वहीत निदान एक नोंद असावी. आणि एखाद्या शनिवारी एखाद्या मुलीने "गुरुजी, आज सुरू होणार का?" असे विचारले, तर "चल, दोघे मिळून पाहू" असे उत्तर तिला मिळावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.